पेट्रोल भरलं की गाडी स्टार्ट होत नाही? प्लग, पंप बदलायच्या आधी पर्ज व्हॉल्व्ह घरीच तपासा

तक्रार ठरलेली असते. गाडी एरवी एकदम मस्त, नाशिकच्या डिसेंबरच्या थंडीतही पहिल्या सेल्फला उचलते, पण पंपावर टाकी फुल केली, पैसे दिले, चावी फिरवली की नुसता सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन काही पकडत नाही. मागचे हॉर्न मारायला लागतात, पंपावरचा पोरगा सांगतो ॲक्सिलरेटर दाबून मारा, तसं मारलं की थरथरत, मिसिंग मारत, मागून पेट्रोलचा भपका सोडत चालू होते आणि नाशिकचा द्वारका चौक यायच्या आत अशी पळायला लागते की काही झालंच नव्हतं. मग पुढच्या फुल टाकीपर्यंत शांत. गॅरेजला नेली तर तिथे कधीच त्रास देत नाही, मेकॅनिक दहा वेळा स्टार्ट करून दाखवतो आणि म्हणतो काही नाही साहेब, प्लग बदलून टाकू.

असा पॅटर्न दिसला तर माझं म्हणणं एकच, दुसरीकडे कुठेही पैसे घालायच्या आधी पर्ज व्हॉल्व्ह बघा. मीटरवर चेक इंजिन लाईट नसली तरी बघा. घरी, पार्किंगमध्ये, मेडिकलमधल्या एका सिरिंजवर तो तपासता येतो, आणि तरी लोक आधी प्लग, मग बॅटरी, मग फ्युएल पंप, मग इंजेक्टर क्लिनिंग असं फिरत फिरत सगळ्यात शेवटी इथे येतात.

हा व्हॉल्व्ह करतो काय ते आधी समजून घ्या, ते कळलं की टेस्ट पाठ करायची गरज नाही. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीत तर विचारूच नका. पूर्वी ही वाफ सरळ हवेत जायची. ती हवेतल्या नायट्रोजन ऑक्साईडबरोबर उन्हात मिसळून जमिनीलगत ओझोन तयार करते, म्हणून कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि १९७१ पासून सगळ्या अमेरिकेत ती अडवायची सक्ती झाली. आपल्याकडेही भारत स्टेजच्या (बीएस) प्रदूषण नियमांत पेट्रोल गाडी बंद खोलीत उभी करून मोजतात आणि एका टेस्टमध्ये २ ग्रॅमच्या वर वाफ निघता कामा नये. त्यासाठी टाकीची वाफ कॅनिस्टर नावाच्या एका काळ्या डब्यात नेतात, त्यात ॲक्टिव्हेटेड कोळशाचे दाणे भरलेले असतात आणि ते वाफ धरून ठेवतात. पण कोळसा तरी किती धरणार, म्हणून इंजिन गरम होऊन नीट चालायला लागलं की ती साठलेली वाफ इंजिनात ओढून जाळून टाकायची, आणि ती कधी न् किती ओढायची हे ठरवणारा कॅनिस्टर आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) यांच्या मधला छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह म्हणजे हा पर्ज व्हॉल्व्ह. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला सलग करंट देत नाही, भराभर चालू-बंद करत राहतो, म्हणून गरम इंजिनवर बोनेट उघडलं की बारीक टिकटिक ऐकू येते. त्या टिकटिकीला टॅपेट समजून घाबरणारे बरेच भेटतात, ती नॉर्मल आहे.

आता महत्त्वाचं. करंट नसेल तेव्हा हा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असला पाहिजे. खालच्या सगळ्या टेस्ट या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

टाकीत ३५ लिटर पेट्रोल गेलं की आतली जवळपास तेवढीच वाफेची हवा बाहेर ढकलली जाते आणि त्यातली काही कॅनिस्टरमध्ये घुसते. व्हॉल्व्ह नीट बंद होत असेल तर ती तिथेच थांबते. पण आत कचरा बसून नाहीतर रबर सीट (ज्यावर टेकून व्हॉल्व्ह बंद होतो) खराब होऊन तो जरासा जरी उघडा राहिला तर सेल्फ मारताच मॅनिफोल्डचा व्हॅक्युम ती सगळी वाफ खेचतो, वर इंजेक्टरचं पेट्रोल वेगळंच, आणि मिक्स्चर इतकं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असं, होतं की स्पार्क असून पेटत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल (हवेची झडप) उघडतो, जास्तीची हवा येते, आणि बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत पूर्ण दाबलेल्या पेडलवर सेल्फ मारला की ईसीयू इंजेक्टरही बंद ठेवतो. म्हणून गाडी पकडते. म्हणजे पंपावरच्या पोराने सांगितलेला तो जुगाड खरं तर मोठा पुरावा आहे, ॲक्सिलरेटर दाबल्यावरच स्टार्ट होत असेल तर पेट्रोल कमी पडत नाहीये, जास्त होतंय, मग फ्युएल पंपाच्या मागे लागायचं कारणच काय?

मग चेक लाईट का लागत नाही, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. अमेरिकेतल्या गाड्यांत पूर्ण सिस्टीम सील करून टाकीत गळती आहे का हे गाडी स्वतःच तपासते, ते तिथे सक्तीचं आहे, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघितले की पी ०४४१, पी ०४९६, पी ०४५५ असे बिघाडाचे कोड ऐकायला मिळतात आणि आपल्याला वाटतं की आपल्याही गाडीत यायलाच हवेत. आपली ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखायची सिस्टीम, युरोपच्या धर्तीवर आहे, तिच्यात पर्ज व्हॉल्व्हचं निदान सर्किट जोडलेलं आहे का एवढं बघितलं तरी नियमात बसतं. त्यामुळे व्हॉल्व्हच्या आतली कॉइल जळाली किंवा वायर तुटली तर पी ०४४३, पी ०४४४, पी ०४४५ यातलं काहीतरी येतं आणि लाईट लागते, पण कॉइल ठणठणीत आणि व्हॉल्व्ह आतून उघडा अडकलेला, असं असेल तर कितीतरी गाड्यांना ते थेट कळतच नाही. फार तर मिक्स्चर बिघडून पी ०१७१ म्हणजे लीन (पेट्रोल कमी) किंवा पी ०१७२ म्हणजे रिच असा कोड येतो आणि तो बघून बिचारा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. कोड नाही म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, हे डोक्यातून काढून टाका.

पेट्रोल भरल्यावरच्या त्रासाशिवाय अजून काही खुणा आहेत. सिग्नलला आयडलिंग खालीवर होणं, कारण कॅनिस्टर रिकामा असेल तेव्हा तोच उघडा व्हॉल्व्ह नुसती फुकटची हवा आत सोडतो. मायलेज उगाच घसरणं. पीयूसीला आयडलवर कार्बन मोनॉक्साईड वर येणं, बीएस-फोर पेट्रोल कारला मर्यादा ०.३ टक्के आहे आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, ते काठावर येऊन बसतात. आणि घाट. कल्याण-भिवंडीकडून उन्हाचं कसारा घाट चढून आलात, इंजिन तापलेलं, वर हवेचा दाब कमी, टाकीत वाफ भरपूर, आणि इगतपुरी-घोटीला थांबून पेट्रोल टाकलं की हा व्हॉल्व्ह हमखास आपले रंग दाखवतो. बऱ्याच जणांना पहिला झटका तिथेच बसतो.

उलट काही लक्षणं याची नाहीत. पेट्रोल भरताना नोझल सारखं कट-कट बंद पडत असेल, घोट घोट भरावं लागत असेल, तर वाफेला बाहेर जायचा रस्ता बंद आहे, म्हणजे टाकीची हवा बाहेर सोडणारी नळी, कॅनिस्टरच्या हवेच्या बाजूची नळी नाहीतर तिचा फिल्टर धूळ-चिखलाने तुंबलाय, तिकडे बघा. पेट्रोल भरो न भरो, रोजच सकाळी जास्त सेल्फ खात असेल तर प्रेशर उतरणं, इंजेक्टर गळणं, टेंपरेचर सेन्सर, बॅटरी ही लाईन. आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर नाही पण तापलेली असताना अर्धा तास थांबल्यावरच त्रास, पेट्रोल भरायचा काही संबंध नाही, तर तेही वेगळं दुखणं आहे. पर्ज व्हॉल्व्ह हा सगळ्या रोगांवरचा उपाय नाही.

माझ्या मावसभावाची बीएस-फोर हॅचबॅक आहे, नाशिकच्या सिडकोत राहतो, कामाला अंबडला. त्याच्या गाडीचे प्लग झाले, पंपही बदलून झाला, खर्चाचा आकडा सांगवत नाही, आणि तरी एक दिवस फोन, "दादा, परत पंपावर अडकलोय रे, आता काय करू?" म्हटलं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मार, सुरू झाली की सरळ इकडे ये, आणि येताना मेडिकलमधून ५० एमएलची सिरिंज घे, साधी सुईवाली नको, नाकातून नळी असलेल्या पेशंटला फीड द्यायला वापरतात ती लांब निमुळत्या तोंडाची. ती निमुळती टोकं व्हॉल्व्हच्या नळीत बरोबर बसतात. जोडीला फिश टँकच्या पंपाची वीतभर पारदर्शक नळी असली की झालं. व्हॅक्युमचा हँडपंप असेल तर उत्तमच, पण त्यासाठी विकत घेऊ नका.

सुरू करायच्या आधी. काम मोकळ्या हवेत करा, बंद गॅरेजमध्ये नाही. जवळ सिगारेट, उदबत्ती, दिवा काही नको, देवघरासमोरच्या पोर्चमध्ये गाडी उभी असेल तर आधी गाडी हलवा. इंजिन थंड होऊ द्या. आणि व्हॉल्व्हला तोंड लावून फुंकू नका, ओढू तर अजिबात नका. तिकडचे कितीतरी लोक व्हिडिओत सर्रास फुंकून दाखवतात, पण त्या नळीत पेट्रोलची वाफ असते, तिच्यात बेंझिन असतं आणि बेंझिनने कॅन्सर होतो. तेच काम सिरिंज करते, फुफ्फुसं कशाला वापरायची?

व्हॉल्व्ह शोधायचा कसा, तर थ्रॉटल बॉडीपासून किंवा मॅनिफोल्डपासून निघणारी बोटापेक्षा बारीक नळी पकडा आणि तिच्या मागे मागे जा. काडेपेटीच्या आसपास आकाराचा काळा प्लास्टिकचा ठोकळा, दोन बाजूला दोन तोंडं आणि दोन पिनचा सॉकेट, हाच. अंगावर बाणाची खूण असते, बाण कॅनिस्टरकडून इंजिनकडे. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कुठली नळी कुठे आणि बाण कुठे हे नंतर आठवत नाही. टर्बो पेट्रोल असेल तर इंजिनच्या बाजूला नळीचे दोन फाटे दिसतील, कारण बूस्ट असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम नसतो, म्हणून दुसरा फाटा टर्बोच्या आधी जातो, आणि मध्ये वन-वे व्हॉल्व्ह असतात, तेही याच सिरिंजने तपासता येतात, एका बाजूने हवा जायला हवी आणि दुसऱ्या बाजूने नाही.

पहिली टेस्ट बोटाची. सकाळी थंड इंजिनवर करा. कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढा, इंजिनकडची तशीच राहू द्या, गाडी स्टार्ट करा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. फॅन आणि बेल्टपासून हात, ओढणी, बाही लांब ठेवा, रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो. थंड इंजिनला ईसीयू पर्ज चालू करत नाही, त्यामुळे बोट ओढलं जायला नको. बोट चिकटलं, ओढ जाणवली, तर व्हॉल्व्ह उघडा आहे, संपला विषय.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण यात भरपूर चांगले व्हॉल्व्ह उगाच फेकले जातात. इंजिन गरम झाल्यावर बोटाला धक्के धक्के देत ओढ लागणं हे बरोबर आहे, तेव्हा व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. गरम इंजिनवरच तपासायचं असेल तर सॉकेट काढा, करंट गेला की ओढ त्याच क्षणी थांबली पाहिजे. सॉकेट काढूनही ओढ चालूच, तर खराब. चालू गाडीत सॉकेट काढल्याने चेक लाईट लागू शकते, घाबरू नका, स्कॅनरने कोड पुसता येतो किंवा सॉकेट परत लावल्यावर काही दिवसांच्या चालण्यात आपोआप जाते.

ज्यांच्याकडे व्हॅक्युम गेज आहे त्यांच्यासाठी एक सांगतो. पुस्तकात आयडलला १८ ते २२ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्युम लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, इथे दोनेक इंच कमी दिसणारच. मुंबईच्या मेकॅनिकचा आकडा इथे लावून नसलेली गळती शोधत बसू नका.

दुसरी टेस्ट सिरिंजची, आणि ही मला सगळ्यात आवडते कारण यात वादाला जागाच नाही. व्हॉल्व्ह गाडीवरून काढून हातात घ्या. सिरिंजचा दट्ट्या पूर्ण आत, नळी व्हॉल्व्हच्या इंजिनकडच्या तोंडाला घट्ट, आणि दट्ट्या सावकाश ४० च्या खुणेपर्यंत मागे ओढा. व्हॉल्व्ह चांगला असेल तर ओढतानाच जोर लागतो, हाताला ताण कळतो, पाच-दहा सेकंद धरून सोडलं की दट्ट्या सट्कन परत आत जातो. आमच्या भावाच्या व्हॉल्व्हला लावली तर दट्ट्या असा आला जसं पलीकडे काही नाहीच, आणि सोडल्यावर जागच्या जागी ४० वर उभा. तो माझ्याकडे बघतोय, मी म्हटलं थांब, नळीच सैल असेल. सिरिंज सुटी करून तिच्या तोंडावर बोट दाबून ओढली, तेव्हा जोर लागला, सोडल्यावर परत आत गेली. म्हणजे सिरिंज ठीक. मग व्हॉल्व्ह उलटा धरून पांढऱ्या कागदावर हळूच आपटला तर पेन्सिलच्या शिसाच्या चुऱ्यासारखे बारीक काळे दाणे पडले, त्यातला एक चांगला मोहरीएवढा. तो दाणा सीटवर बसला की व्हॉल्व्ह बंद होणार तरी कसा. "एवढ्याशा दाण्यासाठी पंप बदलला होय," एवढंच बोलला तो.

ते काळे दाणे म्हणजे कॅनिस्टरमधला कोळसा, त्याच्याबद्दल खाली लिहितो, कारण प्रॉब्लेम परत परत येण्याचं मूळ तिथेच आहे.

तिसरी टेस्ट मल्टिमीटरची. सातपूर-अंबडला मेंटेनन्सला काम करणारं कुणी घरात असेल तर मीटर घरात असतोच. २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी दोन्ही लीड एकमेकांना टेकवून जे काय ०.३-०.४ येतं ते वजा करायचं, मग व्हॉल्व्हच्या दोन पिनांवर लावा. बऱ्याच गाड्यांत १५ ते ३० ओहमच्या दरम्यान येतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. मीटर रेंजच्या बाहेर दाखवत असेल तर कॉइल तुटलेली, एक-दोन ओहमवर असेल तर आत शॉर्ट. आणि तापमान बघा, तांब्याचा रेझिस्टन्स दर १० अंशाला साधारण ४ टक्के वाढतो, मॅन्युअलमध्ये २० अंशाला २४ ओहम लिहिलं असेल तर आपल्या मे महिन्याच्या ४० अंशात २६ येईल, आणि गरम इंजिनवरून आत्ता काढलेल्या व्हॉल्व्हला २९-३० सुद्धा. ते खराब नाही. पण ओहम बरोबर आला म्हणून व्हॉल्व्ह पास असंही नाही हां, भावाच्या व्हॉल्व्हचा ओहम अगदी बरोबर होता. मीटर फक्त कॉइल सांगतो, दार बंद होतंय का ते सिरिंजच सांगते.

चौथी, १२ व्होल्ट देऊन. व्हॉल्व्ह गाडीपासून लांब नेऊनच हे करा, वायर टेकवताना ठिणगी पडते आणि बोनेटखाली उघड्या नळीतून वाफ येत असते, दोन्ही एकत्र नकोत. २५ ओहमला १२ व्होल्ट म्हणजे जेमतेम अर्धा अँपिअर, त्यामुळे बाईकची जुनी बॅटरी किंवा १२ व्होल्ट १ अँपिअरचा राउटरचा ॲडॉप्टरही चालतो, आणि बॅटरी वापरत असाल तर मध्ये २ अँपिअरचा फ्यूज टाका. काहींच्या आत डायोड असतो म्हणून प्लस-मायनस गाडीच्या सॉकेटप्रमाणेच द्या. करंट दिला की खणखणीत टक्, आणि सिरिंजमधून हवा आरपार. करंट काढला की परत टक् आणि हवा बंद. दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ चालू ठेवू नका. टक् ऐकू आला म्हणजे पास असं धरू नका, टक् होऊनही गळणारे व्हॉल्व्ह असतात, दर वेळी बंद झाल्यावर सिरिंज ओढून बघा, सात-आठ वेळा. कधी बंद होतो कधी नाही असा व्हॉल्व्ह सगळ्यात त्रासदायक, कारण तो गॅरेजमध्ये पास होतो आणि पंपावर नापास.

वायरिंगचं थोडक्यात. कोड आला असेल तरच यात शिरा. चावी ऑन, इंजिन बंद, सॉकेटच्या एका पिनवर बॅटरीएवढा व्होल्टेज यायला हवा, नसेल तर फ्यूज बघा. दुसरी पिन ईसीयूकडे जाते, ईसीयू तिला अर्थिंग देऊन व्हॉल्व्ह चालवतो. त्या पिनला चुकूनही डायरेक्ट १२ व्होल्ट लावू नका, ईसीयूचा ड्रायव्हर उडाला तर हा खर्च फारच वेगळ्या लेव्हलला जातो. आणि उंदीर. गंगापूर रोडच्या पुढे, मखमलाबादकडे, मळ्याला लागून घर असेल आणि गाडी उघड्यावर असेल तर आधी वायर आणि नळ्या डोळ्यांनी बघा, पावसाळ्यात उंदीर गरम बोनेटखाली येतात आणि याच बारीक नळ्या कुरतडतात. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर किटवाल्याने ही नळी काढून तिच्यात स्क्रू तर ठोकला नाही ना हेही बघा.

समजा टेस्टमध्ये शंका राहिली, थोडं थोडं गळतंय पण हेच कारण आहे का ते नक्की नाही, तर नवीन पार्ट घ्यायच्या आधी खात्री करायचा एक रस्ता आहे. नळी व्हॉल्व्हवरून काढून मॅनिफोल्डचं तोंड चांगल्या रबर कॅपने बंद करा, व्हॉल्व्हचं आणि कॅनिस्टरकडच्या नळीचंही तोंड कॅप लावून बंद करा म्हणजे वाफ गरम इंजिनवर येणार नाही, सॉकेट मात्र जोडलेलाच ठेवा म्हणजे सर्किटचा कोड येणार नाही. अशी गाडी एक टाकी भरेपर्यंतच चालवा. पेट्रोल भरल्यावर पहिल्या सेल्फला उचलली तर गुन्हेगार सापडला. हे फक्त तपासणीपुरतं. कायमची नळी बंद करून फिरणारे आहेत, तसं करू नका, कॅनिस्टर भरून वाहतो, वाफ गाडीत आणि घराच्या पार्किंगमध्ये येते, लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच.

आता परत परत का होतं. नवीन व्हॉल्व्ह टाकला, काही महिने छान, मग तेच. याचं कारण जवळजवळ नेहमी कॅनिस्टर. आपल्याकडे सवय आहे, नोझल ऑटो कट झालं की राउंड फिगर करा, मग मायलेज काढायला टँक टू टँक म्हणून गळ्यापर्यंत भरा, गाडी हलवून हलवून अजून अर्धा लिटर बसवा. टाकीच्या वरची ती जागा वाफेसाठी मुद्दाम सोडलेली असते, तिथे पेट्रोल गेलं की ते वाफेच्या नळीतून पातळ पेट्रोल म्हणूनच कॅनिस्टरमध्ये उतरतं. कोळसा वाफ धरायला केलेला आहे, पेट्रोलमध्ये भिजायला नाही, तो भिजतो, दाणे फुटतात, आतला फिल्टर सोडतो आणि दाणे नळीतून पुढे व्हॉल्व्हपर्यंत. त्यामुळे जुन्या व्हॉल्व्हमधून काळे दाणे पडले असतील तर नुसता व्हॉल्व्ह बदलून पैसे वाया घालवू नका. कॅनिस्टरकडून येणारी नळी काढून कागदावर आपटून बघा, तिच्यातूनही दाणे आले तर कॅनिस्टर बदलायला लागेल, आणि मधली पूर्ण नळी कॅनिस्टर काढलेला असताना हवेने मोकळी करून घ्या. जोडलेली असताना हवा मारलीत तर तो कचरा परत कॅनिस्टरमध्ये आणि टाकीकडे जातो. कॅनिस्टर हातात घेतल्यावर वजनाने जड लागला, आत काही डुचमळलं, तर तो पेट्रोल प्यायलेला आहे. आमच्याकडे दोन्ही बदलले. तेव्हापासून तो ऑटो कटला थांबतो, आकडा कितीही आडवातिडवा असो, आणि पंपावर परत कधी अडकला नाही.

कार्ब क्लीनर मारून व्हॉल्व्ह साफ करायचा का, हे विचारतात. दाणा निघून सीट सुटते हे खरं, पण तो स्प्रे आतल्या रबरला सोसत नाही, फुगतं आणि थोड्या दिवसांनी परत गळायला लागतं. गावाला अडकलात, घरी पोचायचंय, तेवढ्यापुरतं ठीक. एरवी नवीन टाका, फ्युएल पंपाच्या मानाने हा पार्ट खूपच स्वस्त आहे.

पार्ट घ्यायला जाताना जुना व्हॉल्व्ह सोबत न्या. अंगावरचा पार्ट नंबर जुळवा, दोन्ही तोंडांची जाडी, सॉकेटचा आकार आणि बाणाची दिशा जुळवा, दिसायला डिट्टो पण आतून वेगळे असतात. मॅनिफोल्डमध्ये डायरेक्ट खोचणारा प्रकार असेल तर ओ-रिंग नवीनच मागा. आणि सिरिंज खिशात ठेवा, काउंटरवरच नव्या व्हॉल्व्हला लावून दट्ट्या ओढा, दुकानदार बघत राहील, बघू दे, दट्ट्या सट्कन आत गेला तरच पैसे द्या.